पोदगोरित्सा आहे कुठे?

गोस्पावाने दुकान बंद केलं तेव्हा पोदगोरित्सातल्या, मोराचा नावाच्या नदीपलीकडच्या वस्तीतल्या बायकांनी जवळजवळ सुतक पाळलं. इमारतीच्या तळमजल्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं. अर्ध्या वस्तीची डोकी तिच्या हाताखालून गेलेली. कुणाच्या डोक्यावर किती केस उरलेत आणि कुणाच्या डोक्यात काय शिजतंय, दोन्हींची तिला खडान्‌खडा माहिती. पण गुडघ्यांनी दगा दिला. दिवसभर उभं राहणं काही होईना. शेवटी तिने कात्र्या, कंगवे, ड्रायर सगळं एका पेटीत भरलं, पेटी पलंगाखाली सारली आणि चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीत येऊन बसली.

बसून बसून बसणार किती? नवरा वुकोता अॅल्युमिनियमच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि पाठोपाठ गेलाच. मुलगी सेन्का लग्न करून दूर नोवी साद शहरात गेलेली. खिडकीतून खालच्या लोकांना हाका मारून मारून गोस्पावाचा घसा बसायला लागला, तेव्हा सेन्का सुटीत आली आणि मधल्या खोलीचे फोटो काढून तिने इंटरनेटवर टाकले. म्हणाली, "आई, पाहुणे ठेव. तुला बोलायला माणसं मिळतील."

माणसं आली. जर्मन आली, पोलिश आली, एक जपानी जोडपंही आलं. पण बोलायला कुणी थांबेल तर शपथ. संध्याकाळी येत, पाठीवरचं ओझं टाकत आणि एकच प्रश्न विचारत: समुद्राकडे जाणारी बस कुठून सुटते? सकाळी गोस्पावा तळलेले गरम गोळे आणि मध टेबलावर ठेवेपर्यंत पाहुणे जिन्यात.

"यांना वाटतं माझ्या घराला दोन दारं आहेत," ती ब्लाझोला सांगे. "इकडून शिरायचं आणि तिकडून थेट समुद्रात."

ब्लाझो खालच्या मजल्यावर राहायचा. जन्मभर डोंगरातल्या कोलाशिनहून राजधानीपर्यंत बस हाकलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आता इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि आपल्या लाल जुन्या गाडीकडे पाहत राहायचा. गाडीपेक्षा तिच्याकडे पाहणंच त्याला जास्त आवडे, कारण चालवली की ती काहीतरी मागायची.

"समुद्र आहे तर जातील नाहीतर काय करतील?" तो म्हणायचा. "आपल्याकडे बघायला आहे काय?"

"तुझं तोंड बघितल्यावर आणखी काय बघावंसं वाटणार!" असं म्हणून गोस्पावा खिडकी लावून घ्यायची. पण मनात ते सलायचंच. राजधानी आहे ही. लहान आहे, मान्य. पण राजधानी!

जुलैतल्या एका दुपारी दारावरची घंटा वाजली. पोदगोरित्सात जुलैच्या दुपारी घंटा वाजत नाही. पारा चाळिशीच्या वर, खिडक्यांच्या फळ्या खाली ओढलेल्या, कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली. गोस्पावाने दार उघडलं, तर समोर पन्नाशीची एक उंच बाई. चेहरा टोमॅटोसारखा, पाठीवर भलंमोठं ओझं आणि डोक्यावरचे केस असे, की गोस्पावाला आधी बाई दिसलीच नाही, केसच दिसले. एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब, मध्ये काहीतरी चावल्यासारखं.

"नमस्कार, आदरणीय गृहिणी," बाई म्हणाली. "मी फिनलंड देशाची नागरिक पिर्को. मी आपणाकडे एक शय्या आरक्षित केलेली आहे."

आदरणीय गृहिणी म्हणून मागे कुणी उभं आहे की काय, हे गोस्पावाने वळून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की ही बाई आपलीच भाषा बोलते आहे, फक्त रेडिओवरच्या बातम्यांसारखी.

"अगं बाई! ये, आत ये. कशाने आलीस?"

"मी स्थानकापासून पदभ्रमण केले."

"चालत? या उन्हात? कुणाशी भांडलीस का?"

पिर्को भांडली नव्हती. तिला आत बसवून, पुढ्यात डाळिंबाचं थंडगार सरबत ठेवून गोस्पावाने हळूहळू सगळं काढून घेतलं. ती आपल्या गावच्या वाचनालयात काम करायची. गोस्पावाची भाषा ती त्याच वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकातून शिकलेली; पुस्तक कॉम्रेड लोकांच्या काळातलं, त्यामुळे त्यात कारखाने, ट्रॅक्टर आणि प्रगती भरपूर. गावच्या साप्ताहिकात ती दर उन्हाळ्यात एक लेखमाला लिहायची. यंदाचा विषय युरोपातल्या लहान राजधान्या. एका शहरात एक दिवस, आणि जे प्रथम डोळ्यांत भरेल ते लिहायचं.

"अस्सं!" गोस्पावा सावरून बसली. इतक्या दिवसांनी एक पाहुणी आली होती, जी समुद्राचं नाव काढत नव्हती. "मग? काय भरलं डोळ्यांत?"

पिर्कोने सरबताचा घोट घेतला आणि नीट विचार करून सांगितलं, "मार्गात गृहे होती. वृक्ष होते. एक सेतू होता, तो उत्तम. मनुष्य एकही नव्हता. गृहिणी, माझा एक प्रश्न आहे. नगर कोठे आहे?"

"कुठे आहे म्हणजे? तू त्यातूनच चालत आलीस की!"

"तेच नगर होते?" पिर्कोने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, हेटाळणी नव्हती. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. आणि नेमकं तेच गोस्पावाला जास्त झोंबलं.

"तुझी समुद्राची बस कधी आहे?"

"उद्या मध्याह्नी."

म्हणजे हिलाही समुद्र होताच. गोस्पावाने पाहुणीला पंख्याखाली झोपवलं आणि दुखरे गुडघे विसरून जिना उतरली.

"ब्लाझो! उद्या सकाळी गाडी काढायची."

ब्लाझो खुर्चीतून अर्धा उठला. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. पाहुणीला राजधानी दाखवायची आहे."

"कुठली?"

"आपली, मेल्या!"

"हात्तिच्या. मग गाडी कशाला? गच्चीवर ने, चारी बाजूंना फिरव आणि खाली आण."

गोस्पावाने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्याने गाडीत पाणी आहे का बघायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, लाल गाडी खोकत खोकत निघाली. ब्लाझोने बस चालवताना घालायची टोपी शोधून काढली होती. पिर्को पुढे बसली, कारण तिचे पाय मागे मावेनात. बसताना तिने मान तुकवून म्हटलं, "सुप्रभात, कॉम्रेड चालक."

तीस वर्षांत ब्लाझोला कुणी कॉम्रेड म्हटलं नव्हतं. तो इतका खूश झाला, की पहिल्या चौकात त्याने डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळवलं.

गोस्पावाचा बेत साधा होता. आधी धबधबा दाखवायचा, मग गावातलं काय ते. शहराबाहेर त्सियेव्हना नदीवरच्या त्या धबधब्याला सगळे नायगारा म्हणतात. रुंद आहे, फेसाळतो, उन्हात इंद्रधनुष्य पडतं. वाटेत तिने त्याचं इतकं वर्णन केलं, की पिर्कोने पिशवीतून रेनकोट काढून मांडीवर ठेवला.

गाडी थांबली. तिघं उतरून काठावर गेली. समोर पांढरे, कोरडे खडक पसरलेले. मध्ये एक शेळी उभी होती आणि ती यांच्याकडे बघत होती.



"मे महिन्यात असतं पाणी," ब्लाझो म्हणाला. "खूप असतं."

"हे तू काल का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस गाडी काढ."

गोस्पावाने खांदे सरळ केले. आता माघार नव्हती. "पाणी नाही तर नाही. पाण्याची जागा तर बघ किती मोठी आहे! तो कडा बघ. तिथून पडतं."

पिर्कोने पाण्याची जागा पाहिली. शेळीही पाहिली. "अतिशय विशाल," ती म्हणाली आणि रेनकोट घडी घालून परत पिशवीत ठेवला. मनाने चांगली होती बाई.

धबधब्याशेजारच्या खाणावळीतून मालकीण धावत आली. ही गोस्पावाची जुनी गिऱ्हाईक. तिच्या लग्नाचा अंबाडा गोस्पावानेच घातलेला. तिला भेटून कॉफी न घेता निघणं म्हणजे भांडण विकत घेणं. कॉफी झाली. गावात परतल्यावर बाजाराच्या तोंडाशी भाजीवाली भेटली. तिचे पांढरे केस पहिल्यांदा गोस्पावानेच काळे केले होते, म्हणून तिथे कॉफी. पुलाशी एक निवृत्त परिचारिका भेटली; ती सुनेबद्दल सांगायला कुणीतरी मिळावं म्हणून टपलेलीच, तिथेही कॉफी. पिर्कोची बोटं थरथरायला लागली. तिच्या देशातही कॉफी पितात, भरपूर पितात, पण तिथे पिताना कुणी सुनेबद्दल सांगत नाही.

"ही ऐतिहासिक स्थळे आहेत काय?" तिने ब्लाझोला हळूच विचारलं.

"ही गोस्पावाची गिऱ्हाइकं आहेत," ब्लाझो म्हणाला. "इतिहास त्यांच्याकडेच आहे सगळा."

जुन्या वस्तीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत, अंजिराच्या झाडाखाली कोविल्काआजी बसलेल्या होत्या. नव्वदीच्या घरातल्या. गोस्पावाला केस कापायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्यासमोरून घड्याळात बघत निघून जाणं कुणालाच शक्य नव्हतं. पिर्को कॉफी प्यायली. आजींनी तिच्या हातातून रिकामा कप घेतला, बशीवर उपडा घातला, थोडं थांबल्या आणि मग सुलटा करून आतल्या गाळाच्या रेघांत तिचं भविष्य निरखू लागल्या.

"तुझ्या वाटेत मोठं वाहन दिसतंय," त्या म्हणाल्या.

"ती बस आहे," पिर्को उत्सुकतेने पुढे वाकली. "मी आज बसने जाणार आहे."

आजींनी कप उजेडाकडे धरला. "वाहन निघून चाललंय. तू आत दिसत नाहीस."

ब्लाझोने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठला. "अरे देवा! बारा वाजून गेले!"

ब्लाझोने गाडी अशी हाकली, की भिंतीकडेच्या मांजराने उडी मारून झाड गाठलं. पण बसस्थानकाच्या दारात शिरता शिरता समुद्राची बस समोरून बाहेर पडली. तिचा चालक ब्लाझोच्या ओळखीचा निघाला. त्याने मोठ्या प्रेमाने हात हलवला आणि निघून गेला.

आता ही लिहिणार: कोरडा धबधबा, एक शेळी, कॉफी, आणि बस चुकवणारे लोक. तिने चोरून पाहुणीकडे पाहिलं.

पिर्को जाणाऱ्या बसकडे बघत होती. "बस गेली," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला दुःख झालेले नाही. गृहिणी, त्या परिचारिकेच्या सुनेने पुढे काय केले?"

दुपारी फळ्या खाली ओढून घरात अंधार केला. जेवणात काकडी, दाट साय, धुरावलेलं मांस आणि पाव. जेवण झाल्यावर पिर्को स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, आणि खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची एक पट्टी नेमकी तिच्या डोक्यावर पडली. गोस्पावाला कालपासून जे छळत होतं ते आता असह्य झालं.

"मला एक सांग. हे केस कुणी कापले?"

"मी स्वतः."

"कशाने?"

"पुस्तकांना कागद चिकटवतो, तो कापण्याची कात्री आहे, तिने."

गोस्पावाने छातीवर क्रॉसची खूण केली आणि पलंगाखालची पेटी ओढून काढली. पाहुणीच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, केस ओले केले. कात्री हातात आली तसं तिचं बोलणंही सैल झालं. चाळीस वर्षांची सवय. तिची जीभ आणि कात्री एकाच स्प्रिंगवर चालायच्या. एवढ्यात ब्लाझो बगलेत कलिंगड घेऊन आला आणि सुरी शोधून दाराशी बसला. बस चुकवल्याची भरपाई म्हणून आणलं होतं, पण पहिली फोड त्याने स्वतःच घेतली.

"गृहिणी, तुमचा जन्म येथेच झाला?" टॉवेलातून पिर्कोचा आवाज आला.

"छे गं. मी डोंगरातली. कोलाशिनच्या वर लिपोवो म्हणून गाव आहे, तिथली. लग्न करून आले."

"मग तुमचे प्रथमदर्शन सांगा. तुम्हाला हे नगर प्रथम कसे वाटले?"

गोस्पावाने कात्री थांबवून छताकडे पाहिलं. "काय सांगू! नवी नवरी मी. वुकोता घ्यायला उभा. पुलावर आलो, खाली नदी हिरवीगार. मी म्हटलं, बस्स, आता मरेन तर याच गावात."

ब्लाझोला जोराचा ठसका लागला.

"काय झालं?"

"बी अडकलं."

"मग गीळ."

"चाळीस वर्षं गिळतोय," ब्लाझो म्हणाला आणि फोड ताटलीत ठेवली. "कॉम्रेड पिर्को, ही बाई तुमच्या साप्ताहिकात खोटं छापून आणणार. हिला त्या दिवशी कुणी आणलं, विचारा."

"ब्लाझो!"

"मी आणलं! माझ्या बसने. तेव्हा या गावाचं नाव तितोग्राद होतं, आणि मला मिशी फुटून फार दिवस झाले नव्हते. ऑगस्ट महिना, भर दुपार. वुकोता खोली लावायला पुढे आलेला, ही मागून आली. अंगात लोकरीचा कोट, मांडीवर गोधडी आणि पिशवीत चीज. ते वितळून माझ्या बसच्या पायऱ्यांवरून ओघळत होतं. स्थानकावर चिटपाखरू नाही. वुकोताची कारखान्यातली पाळी सुटायला उशीर झालेला. ही खाली बघते, इकडे बघते, तिकडे बघते आणि मला विचारते, 'ड्रायव्हर, शहर कुठे आहे?'"

पिर्को टॉवेलासकट वळली. गोस्पावाने तिचं डोकं धरून परत सरळ केलं.

"मी म्हटलं, हेच की, बाई. ही म्हणाली, 'हे?' आणि परत जागेवर जाऊन बसली. म्हणाली, बस परत कधी जाणार? मी म्हटलं, दोन वाजता. म्हणाली, मग मी थांबते. आणि गेली की हो परत! नवरी, गोधडी, चीज, सगळं मी परत डोंगरात नेऊन सोडलं. बस फाटकातून निघाली तेव्हा आरशात मला वुकोता दिसला. पळत येत होता. दोन्ही हातांत आइस्क्रीम, कोपरापर्यंत ओघळलेलं."

गोस्पावाच्या हातातली कात्री अधांतरी होती. तिला लाज वाटत होती की राग आला होता, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं. पण तिने जे विचारलं ते तिसरंच होतं.

"तो पळत आलेला?"

"पळत."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू म्हणाली होतीस ना, यातलं कधी काही बोलू नकोस."

"आणि त्याला सांगितलंस? मी येऊन परत गेले ते?"

"नाही. दुसऱ्या दिवशी तू आलीस, तेव्हा तो मला म्हणाला, काल हिची बस चुकली वाटतं. मी म्हटलं, हो, चुकली असेल."

"कधीच नाही सांगितलंस? तुम्ही दोघं इतक्या वेळा पिऊन पडलात तरी?"

"कधीच नाही," ब्लाझो म्हणाला, आणि कलिंगडाची आणखी एक फोड कापली.

गोस्पावाने नाक ओढलं. पिर्कोच्या मानेवरचे केस फुंकरीने उडवले आणि परत कापायला लागली. "बरं, मग आता खरंच ऐक," ती म्हणाली. "घरी गेले तर आईने एक शब्द विचारला नाही. जेवायला वाढलं. सकाळी नवं चीज बांधून दिलं, मला परत याच्याच बसमध्ये बसवलं आणि म्हणाली, उन्हाळा संपेपर्यंत राहा, नाही आवडलं तर ये. मी म्हटलं, ठीक आहे, उन्हाळाच काढायचा ना! खोली म्हणजे भट्टी होती. वुकोता रात्री चादर ओली करून दारावर टांगायचा आणि मला झोप लागेपर्यंत वर्तमानपत्राने वारा घालायचा. नंतर सकाळी कामावर डुलक्या खायचा. दिवसा मी रडत बसायचे, म्हणून शेजारणीने मला कोविल्काबाईंच्या दुकानात नेलं, केस झाडायला. तिथे बायका काय काय बोलायच्या गं! एकीची गोष्ट अर्धी राहायची, ती पुढल्या आठवड्यात यायची. मला रात्री झोप लागेना, की पुढे काय झालं असेल. असं करता करता थंडी पडली. आणि मी जायचंच विसरले."

"विसरलात?"

"विसरले. एकदम नोव्हेंबरात आठवलं. तेव्हा सेन्का पोटात होती आणि निवृत्त पोस्टमास्तरांच्या बायकोची गोष्ट अर्धी होती. कशी जाणार?"

टॉवेल काढून तिने आरसा पुढे धरला. पिर्को बराच वेळ आरशात पाहत राहिली. तिचा चेहराच बदलला होता. डोळे मोठे दिसत होते. तिने मानेवरून हात फिरवला आणि पुस्तकात नसलेला शब्द तिच्या तोंडून निघाला.

"अय्या!"

सूर्य कलला तशी गोस्पावाने फळ्या वर ओढल्या. निळा पोशाख घातला, ओठांना रंग लावला, गुडघ्यांना मलम चोळलं. पिर्कोला म्हणाली, "चल. ओझं ठेव, टोपी ठेव. हे केस काय झाकायला कापलेत?"

पुलावर वारा सुटला होता. पलीकडे पाऊल टाकलं आणि पिर्को थबकली. काल दुपारी ज्या रस्त्यात एक मनुष्य नव्हता, तिथे आता पाय ठेवायला जागा नव्हती. इमारतींचे जिने माणसं ओतत होते. तरुण पोरी इस्त्रीचे कपडे घालून हातात हात अडकवून, म्हातारे पाठीमागे हात बांधून, बाबागाड्या, आइस्क्रीम, भाजलेल्या मक्याचा धूर, कारंज्याभोवती भिजणारी मुलं. मुख्य रस्त्यावर गाड्या बंद. सगळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात आणि वळून परत येत. कुणाला कुठेच पोचायचं नव्हतं.

"हे सगळे दिवसा कोठे होते?"

"घरात. झोपले होते. शहाणी माणसं आहेत."

पिर्को कमरेवर हात ठेवून गर्दीकडे पाहत राहिली. "शहर आलं!" ती ओरडली. नगर म्हणाली नाही, शहर म्हणाली.

गोस्पावाने तिच्या दंडात दंड अडकवला आणि तिला गर्दीत ओढलं. दोन्ही बाजूंनी ओळखीचे चेहरे. "गोस्पावाताई, ही कोण?" "फिनलंडची. माझी पाहुणी. बातम्यांसारखं बोलते, ऐक." "आणि हे केस कुठे कापलेस गं, बाई?" तिसऱ्यांदा हा प्रश्न आला तेव्हा गोस्पावाने उत्तर द्यायचं सोडून फक्त मान वर केली. ब्लाझो दोन पावलं मागून येत होता. ड्रायव्हरची टोपी अजून डोक्यावरच होती.

पिर्को आणखी दोन दिवस राहिली. परिचारिकेच्या सुनेची गोष्ट पूर्ण झाल्यावरच गेली. जाताना गोस्पावाने तिच्याबरोबर उकडलेली अंडी, पाव, चीज आणि बाटलीभर द्राक्षांची दारू दिली. समुद्र दोन तासांवर असला म्हणून काय झालं. शरद ऋतूत तिचं साप्ताहिक टपालाने आलं. वस्तीत फिन्निश कुणालाच येत नव्हतं. सेन्काने फोनवर भाषांतर करून घ्यायची युक्ती सांगितली, पण गोस्पावाने ऐकली नाही. लेखाने अख्खं पान भरलं होतं, राजधानीला शोभेल असं, आणि मध्ये तिचा कात्री धरलेला फोटो होता. त्यात ती जाड दिसत होती, तेवढंच तिला खटकलं.

पिर्कोबरोबरच्या त्या संध्याकाळच्या फेरफटक्याचं मात्र एक लफडं झालं. ज्या ज्या बायकांनी केसांची चौकशी केली होती, त्या दुसऱ्या आठवड्यापासून चौथ्या मजल्यावर यायला लागल्या. नाही म्हणावं तर तोंडावर कसं म्हणायचं, आणि हो म्हणावं तर गुडघे. दोन डोकी उभ्याने कापून गोस्पावा आडवी झाली. ब्लाझोने हे पाहिलं आणि दोन दिवस गायब झाला. तिसऱ्या दिवशी जिन्यात धडाम धडाम आवाज झाले. भंगारात निघालेल्या एका बसमधली ड्रायव्हरची सीट तो पाठीवर घालून आणत होता. खाली स्प्रिंग, बाजूला दांडा. दांडा दाबला की वर, सोडला की खाली. त्याने तिला चाकं बसवली होती.

"हिच्यावर बस आणि काप. गिऱ्हाइकाभोवती फिर. तीस वर्षं बसलोय मी असल्या सीटवर, गुडघ्याला काही होत नाही."

"मी काय बस चालवू का म्हाताऱ्या?"

"बसून तर बघ."

गोस्पावा बसली. दांडा दाबला, भसकन वर गेली, घाबरून किंचाळली आणि मग स्वयंपाकघरभर एक चक्कर मारून आली. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस तिच्याकडे दुकान असतं. पाहुणेही येतात. ती दुपारी त्यांना झोपवते आणि ज्यांना यायचं असेल त्यांना संध्याकाळी पुलापलीकडे घेऊन जाते. काही जण तरीही सकाळीच समुद्राला पळतात. त्यांना ती अंडी देत नाही.

ब्लाझो बरोबर असतोच. पाहुण्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, असं त्याचं म्हणणं. आता तो दोन पावलं मागे चालत नाही, शेजारून चालतो. भाजीवालीने परवा कारंज्यापाशी गोस्पावाला गाठलंच.

"काय गं, तुझं आणि ब्लाझोचं काय चाललंय?"

"काय चालायचंय? माझ्या पाहुण्यांना तो गाव दाखवतो."

भाजीवालीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "पण तुझ्याबरोबर आज पाहुणा तर एकही दिसत नाही!"

"येईल," गोस्पावा म्हणाली, आणि ब्लाझोच्या हातातलं आइस्क्रीम घेऊन पुढे निघाली.